एनमॅप, वायरशार्क आणि एसएस : आठ महिन्यांच्या नियमित वापरानंतर

सुमारे तीस उपकरणे असलेल्या एका कार्यालयाच्या नेटवर्कची देखभाल माझ्याकडे आहे. नेटवर्क बाहेरून तपासणारे एनमॅप, त्यातून जाणारी माहिती टिपून दाखवणारे वायरशार्क आणि संगणकावरील चालू जोडण्या दाखवणारे लिनक्समधील ‘एसएस’ ही साधने मी पूर्वीही वापरत असे, पण काही बिघडले तरच. गेले आठ महिने मात्र मी ती दर आठवड्याला, ठरलेल्या पद्धतीने वापरली आणि प्रत्येक वेळचा निकाल जपून ठेवला. सुरक्षेच्या दृष्टीने त्यांचा खरा उपयोग मला या जपून ठेवलेल्या निकालांमुळेच झाला.

एनमॅप हा १९९७ पासून विनामूल्य मिळणारा पोर्ट स्कॅनर आहे. पोर्ट म्हणजे संगणकावरील एखाद्या सेवेकडे नेणारे क्रमांकित दार; यांतली कोणती उघडी आहेत, हे तो शोधतो. पहिले स्कॅन करण्यापूर्वी मी व्यवस्थापनाची लेखी परवानगी घेतली आणि ती प्रत्येकाने घ्यावी, असे मला आग्रहाने सांगायचे आहे. कारण हल्लेखोरही सुरुवात याच स्कॅनने करतात आणि नोंदी पाहणाऱ्याला दोघांतला फरक कळत नाही. त्या दिवशीचा निकाल पाहून मी अस्वस्थ झालो. प्रिंटरवर २३ क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे टेलनेट (दूरवरून आज्ञा देण्याची जुनी, कूटबद्ध नसलेली पद्धत), उघडे होते. मिराय या मालवेअरने (घातक सॉफ्टवेअरने) २०१६ मध्ये असंख्य कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते टेलनेट आणि कारखान्यातून आलेले न बदललेले पासवर्ड यांच्याच आधारे. हिशेबाच्या जुन्या विंडोज संगणकावर ४४५ पोर्टवर एसएमबीची (फायली वाटून घेण्याच्या पद्धतीची) पहिली आवृत्ती चालू होती. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा मालवेअर याच आवृत्तीच्या विंडोजमधील त्रुटीतून पसरला होता. चाचणीसाठी म्हणून बसवलेला एक डेटाबेस १२७.०.०.१ या, म्हणजे त्याच संगणकाच्या आतल्या, पत्त्यापुरता मर्यादित न राहता सर्व पत्त्यांवर ऐकत होता, म्हणजे बाहेरच्या जोडण्याही स्वीकारत होता. तो कोणत्या प्रोसेसचा (चालू प्रोग्रॅमचा) आहे, हे त्या सर्व्हरवर ‘एसएस’ चालवल्यावर लगेच कळले. बाहेरून एनमॅप आणि आतून एसएस ही जोडी मला अतिशय उपयुक्त वाटते, कारण आत ऐकणारे पण फायरवॉलने (जोडण्या अडवणाऱ्या यंत्रणेने) झाकलेले पोर्ट बाहेरून दिसत नाही, आणि फायरवॉलचा नियम चुकून निघाला की तेच उघडे पडते.

एनमॅपसोबत येणाऱ्या एनडिफ या छोट्या साधनाविषयी फारसे लिहिले जात नाही, याचे मला वाईट वाटते. दोन स्कॅनचे निकाल दिले की त्यांतील फरक तेवढा ते दाखवते. तिसऱ्या महिन्यात एका संगणकावर ३३८९ पोर्ट नव्याने उघडल्याचे त्यात दिसले. चौकशी केल्यावर समजले, की एका सहकाऱ्याने घरून काम करण्यासाठी त्या पोर्टवरून चालणारे रिमोट डेस्कटॉप, म्हणजे दूरवरून संगणक वापरण्याची सोय, सुरू केले होते. हेतू चांगला होता, पण पासवर्ड अगदी सोपा होता. पूर्ण निकालाच्या शेकडो ओळींत हे माझ्या नजरेतून निश्चित सुटले असते.

एनमॅपच्या निकालावर डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही, हेही अनुभवाने शिकलो. साध्या स्कॅनमध्ये पोर्टपुढे येणारे सेवेचे नाव केवळ क्रमांकांच्या तक्त्यातून घेतलेले असते. तिथे प्रत्यक्षात काय चालू आहे, हे आवृत्ती ओळखण्याचा पर्याय दिल्यावरच कळते. शिवाय काही सांगितले नाही, तर ६५,५३५ पैकी नेहमीची १,००० टीसीपी पोर्टेच (टीसीपी ही आधी जोडणी करून माहिती पाठवण्याची पद्धत) तपासली जातात, आणि आमचा दुसरा एक डेटाबेस मुद्दाम वेगळ्या क्रमांकावर ठेवलेला असल्यामुळे तो पहिल्या फेरीत सापडलाच नव्हता. यूडीपी या, जोडणी न करता माहिती पाठवण्याच्या पद्धतीच्या पोर्टांचे स्कॅन फार संथ आहे, कारण बंद पोर्टांविषयीचे आयसीएमपी उत्तर (नेटवर्कचा त्रुटी-संदेश) अनेक यंत्रणा मोजक्याच वेगाने पाठवतात. त्यामुळे मी यूडीपीची निवडक पोर्टे तेवढी पाहतो.

वायरशार्क शिकायला मला अधिक वेळ लागला. स्विच (उपकरणे जोडणारी पेटी) असलेल्या नेटवर्कमध्ये आपल्या संगणकावर इतरांची बहुतेक पॅकेट्स (माहितीचे तुकडे) येतच नाहीत, त्यामुळे स्विचवर पोर्ट मिररिंग, म्हणजे इतरांच्या पॅकेट्सची प्रत आपल्याकडे पाठवण्याची सोय, सुरू करावे लागले; हे लक्षात येईपर्यंत माझे दोन दिवस गेले. टीएलएस या सुरक्षा-पद्धतीने कूटबद्ध झालेला मजकूर त्यात वाचता येत नाही आणि तसेच असायला हवे. मात्र हजेरी नोंदवणारे यंत्र आपला पासवर्ड साध्या, कूटबद्ध नसलेल्या एचटीटीपीवरून पाठवत होते, तो मला स्क्रीनवर अक्षर न् अक्षर दिसला. त्या यंत्राच्या विक्रेत्याला मी अनेकदा कळवले होते आणि प्रत्येक वेळी ‘सर्व सुरक्षित आहे’ असेच उत्तर मिळत होते. पॅकेटचे चित्र पाठवल्यावर आठवड्याभरात सुधारित फर्मवेअर (यंत्रातले सॉफ्टवेअर) आले. या एका कामासाठीसुद्धा वायरशार्क शिकण्याचे कष्ट सार्थकी लागले, असे मी म्हणेन.

नव्या उपकरणांवर लक्ष ठेवण्यात मात्र मला पुरेसे यश आलेले नाही. आजचे फोन प्रत्येक वायफायसाठी बनावट मॅक पत्ता (उपकरणाचा ओळख-क्रमांक) वापरतात, त्यामुळे जुनाच फोन कधी कधी नवा पाहुणा म्हणून यादीत येतो. अखेर फोनांसाठी वेगळे वायफाय ठेवले, तेव्हा साप्ताहिक यादी वाचण्याजोगी झाली.

प्रिंटरवरील टेलनेट आजही उघडे आहे, कारण ते बंद करण्याची सोयच त्यात नाही. म्हणून त्याला वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या केलेल्या भागात) ठेवले आहे आणि दर आठवड्याला त्या बाजूने स्कॅन करून, तिथून कार्यालयातील एकाही संगणकापर्यंत पोहोचता येत नाही, याची मी खात्री करून घेतो.