३० हजारांच्या गावाला एसटीपी: एसबीआर, तळी की आधी मैला प्रक्रिया केंद्र?

सांडपाणी शुद्धीकरण प्लांट (एसटीपी) घ्यायचा तर यंत्रांवर चालणारा एसबीआर, साधी तळी की आधी सेप्टिक टँकमधून उपसलेल्या मैल्यासाठी प्रक्रिया केंद्र, आमच्या भागातल्या दोन नगरपरिषदांमध्ये सध्या हाच विषय चाललाय आणि दोन्हीकडून मला फोन आले, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. मी एका लहान गावाच्या प्लांटवर सहा वर्षं केमिस्ट होतो. जे बघितलं त्यावरून बोलतोय.

आधी कॅपॅसिटीचा हिशोब. ३० हजार माणसं, माणशी १३५ लिटर पाणी, त्यातलं ८० टक्के सांडपाणी, म्हणजे सव्वातीन एमएलडी (रोज सव्वातीन दशलक्ष लिटर). माणशी रोजचा २७ ग्रॅम बीओडी (पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, म्हणजेच घाणीचं माप) धरला तर येणाऱ्या पाण्याचा बीओडी लिटरला बरोबर २५० मिलिग्रॅम निघतो, डीपीआरमध्ये, म्हणजे प्रकल्प अहवालात, हाच आकडा असतो. पण आपल्याकडे घरोघरी सेप्टिक टँक, त्याचं पाणी उघड्या गटारात, गटार नाल्यात आणि मग नाला अडवून पाणी प्लांटला, त्यामुळे आमच्याकडे उन्हाळ्यात ९०-१०० च्या वर बीओडी कधी आलाच नाही आणि जुलैत तर ४०, पण फ्लो मात्र जवळजवळ दुप्पट. म्हणजे प्लांट पाण्याने ओव्हरलोड आणि जिवाणू उपाशी, दोन्ही एकाच वेळी. ही गोष्ट सभेत कुणी बोलतच नाही.

दुसरं, प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र काढून वाचा. केंद्राच्या ऑक्टोबर २०१७ च्या अधिसूचनेत लहान शहरांना बाहेर पडणाऱ्या पाण्यात बीओडी ३० आणि टीएसएस (पाण्यात तरंगणारे घन कण) १०० चालत होतं. एप्रिल २०१९ मध्ये हरित लवादाने बीओडी १०, टीएसएस २०, एकूण नायट्रोजन १० आणि फॉस्फरस १ सांगितलं. तुमच्या कागदावर यातलं काय लिहिलंय त्यावर निम्मा निर्णय तिथंच होतो.

तळी, म्हणजे एकापाठोपाठ एक ऑक्सिडेशन पाँड. वीज जवळपास शून्य, ब्लोअर (पाण्यात हवा सोडणारं यंत्र) नाही, लाईट गेली तरी काम चालूच, दोन माणसं गवत आणि जलपर्णी काढायला पुरतात, आणि उन्हात इतके दिवस पाणी राहतं की कॉलिफॉर्म (मैल्यातले जिवाणू) चांगला उतरतो. जागा मात्र एमएलडीला हेक्टरभर तरी लागते, म्हणजे आपल्या हिशोबाने आठ-नऊ एकर, आणि गावाच्या खालच्या अंगाला नदीकाठी एवढी जमीन मिळणं अवघड. शिवाय शेवटच्या तळ्यातलं हिरवं शेवाळ पाण्याबरोबर बाहेर जातं, त्यामुळे ३० आणि १०० वाल्या निकषात तळी बसतात, १० आणि २० मध्ये नुसती तळी बसत नाहीत. हे स्पष्ट सांगतो कारण मला स्वतःला तळी मनापासून आवडतात.

एसबीआरमध्ये सगळं एकाच टाकीत: भरणं, हवा देणं, निवळणं, वरचं निवळलेलं पाणी डिकँटर नावाच्या यंत्राने काढणं. जागा अर्ध्या-पाऊण एकरात भागते, १० चा बीओडी मिळतो, नायट्रोजन-फॉस्फरसही उतरतं. पण एमएलडीमागे दीडशे-दोनशे युनिट धरा, म्हणजे रोज सहाशेच्या आसपास, ८ रुपयांनी महिन्याला दीड लाख, आणि पंपिंग वेगळंच. त्यावर जनरेटरचं डिझेल, डिफ्युझर (तळाशी हवेचे बुडबुडे सोडणारे भाग) बदलणं आणि रात्रपाळीला पॅनल समजणारा माणूस. आमच्याकडे एकदा वीजबिल थकलं म्हणून ब्लोअर दोन दिवस बंद राहिले, टाकी काळी पडली आणि बीओडी जागेवर यायला पंधरा दिवस गेले, त्यातच प्रदूषण मंडळाचं सॅम्पल घेतलं गेलं.

आणि निकष पाळणं बहुतेक वेळा टाकीतल्या गाळावर (जिवाणूंच्या साक्यावर) अडकतं. एक लिटरचं मोजपात्र घ्या, हवा चालू असताना टाकीतलं पाणी भरा आणि अर्धा तास हलवू नका. तपकिरी गाळ ३०० च्या रेघेला बसला आणि वर नितळ पाणी दिसलं तर प्लांट ठीक. ८०० ला अडकला तर गाळ वेळेवर काढलेला नाही किंवा फुगलाय, आणि तो डिकँटरमधून नदीत जाणार. हे पात्र आमचा ऑपरेटर रोज सकाळी खिडकीत ठेवायचा, त्याने या पात्रावरून जेवढं ओळखलं तेवढं लॅबच्या आठवड्याच्या रिपोर्टने कधी सांगितलं नाही.

भुयारी गटारच नसेल तर एसटीपी घेऊन करणार काय? वाई आणि सिन्नरने मैला प्रक्रिया केंद्रं केली, वाईत ठरावीक चक्राने दर तीन वर्षांनी प्रत्येक टाकी उपसायची योजना आहे. तुमच्याकडे ६,००० टाक्या असतील तर वर्षाला २,००० उपसायच्या, टाकीमागे ३ घनमीटर, ३०० दिवस काम, म्हणजे रोज २० घनमीटर, चार-पाच गाड्या. हे लहान गावाला झेपतं. नाल्याचं पाणी यातून सुटत नाही हे खरं, पण टाक्या वेळेवर उपसल्या की गटारात येणारी घाण आपोआप कमी होते.

माझं मत असं: गटार नाही तिथं आधी मैला प्रक्रिया केंद्र. निकष ३० चा आणि जमीन हातात असेल तर तळी. १० चा असेल तर एसबीआरच, पण एकदम सव्वातीनचा नको, निम्म्या निम्म्याचे दोन भाग, पहिला आत्ता आणि दुसरा मोजून झाल्यावर, ब्लोअरला वेग कमी-जास्त करता येणारे ड्राइव्ह बसवूनच. हरित लवादाने २०१९ मध्येच अपूर्ण एसटीपीमागे महिन्याला १० लाखांचा दंड सांगितला होता, त्या धाकाने घाईत मोठा प्लांट घेतला जातो आणि पुढे गावाला तो चालवणं झेपत नाही.

टेंडर काढण्याआधी नाल्यावर फ्लोमीटर लावा, मे महिन्यात सात दिवस आणि ऑगस्टमध्ये सात दिवस, आणि पहाटे ३ चा आकडा वेगळा लिहून ठेवा. त्या वेळी गाव झोपलेलं असतं, तरी मीटर जोरात फिरत असेल तर ते सांडपाणी नाही, जमिनीतलं किंवा फुटलेल्या पाईपचं पाणी आहे, आणि त्याच्यासाठी टाकी बांधायची नसते.