जोडणीसाठी दिलेली रॅम बदलली गेली, त्याची हकिगत

जानेवारी २०२६ मध्ये गेमिंगसाठी नवा संगणक जुळवायला घेतला, तेव्हा रॅमचे भाव काही महिन्यांत दुपटीहून अधिक झाले होते. मेमरी चिपा एआयच्या डेटा सेंटरांकडे वळल्या होत्या, आणि या चिपा बनवणाऱ्या मायक्रॉन कंपनीने तर डिसेंबरमध्ये किरकोळ ग्राहकांसाठीचा 'क्रुशल' हा व्यवसायच बंद करण्याचे जाहीर केले होते. माझ्या जुन्या संगणकात ऑक्टोबर २०२० मध्ये घेतलेल्या, ३२०० वेगाच्या, १६ जीबीच्या दोन डीडीआर-४ (रॅमची आधीची पिढी) स्टिक होत्या. त्याच वापरायचे ठरवले. डीडीआर-४ आणि नव्या पिढीची डीडीआर-५ या दोन्हींना २८८ पिना असल्या तरी खाच वेगळ्या ठिकाणी असल्याने एकीच्या जागी दुसरी बसत नाही, शिवाय एएमडी कंपनीच्या प्रोसेसरांसाठीच्या एएम-५ मदरबोर्डांवर फक्त डीडीआर-५ चालते. म्हणून इंटेलचा चौदाव्या पिढीचा प्रोसेसर आणि डीडीआर-४ घेणारा बोर्ड निवडला.

बोर्ड आणि प्रोसेसर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील एका दुकानातून घेतले व जोडणीही तिथेच करायला दिली. पावतीवर दुकानदाराने 'ग्राहकाची रॅम – २ नग' एवढेच लिहिले आणि मी त्याखाली सही केली. सिरियल नंबर लिहून घ्यावा किंवा निदान मोबाइलवर फोटो काढावा, हे सुचले नाही. ते दोन मिनिटांचे काम होते.

दोन दिवसांनी संगणक घरी आला. खेळ अडखळत होते. संगणकाच्या भागांची माहिती दाखवणाऱ्या सीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमध्ये मेमरीचा वेग १२०० दिसला. फोनवर विचारले, तर दुकानदार म्हणाला, "साहेब, तिथे वेग अर्धाच दिसतो." हे खरे आहे, पण त्या हिशेबाने ३२०० ची रॅम १६०० दाखवायला हवी. मग तो म्हणाला, "जुनी रॅम नव्या बोर्डावर हळूच चालते." म्हणून बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, एक्सएमपी (रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवणारे प्रोफाइल) सुरू करायला गेलो, तर ते प्रोफाइलच नव्हते. हे प्रोफाइल रॅमवरच्याच एका छोट्या चिपमध्ये साठवलेले असते. बोर्ड बदलल्याने ते नाहीसे होत नाही.

सीपीयू-झेडच्या 'एसपीडी' पानावर त्या चिपमधली माहिती दिसते, त्यात रॅमच्या उत्पादनाचा आठवडा आणि वर्षही दिसते. तिथे २०२२ चा ३१ वा आठवडा होता. माझे बिल २०२० चे! स्टिक काढून पाहिल्या, तर वरचे धातूचे आवरण माझेच होते, जुना ओरखडाही जागच्या जागी होता. मात्र कडेची चिकटपट्टी उचकटून पुन्हा दाबलेली दिसत होती. आवरण माझे, आतली रॅम दुसऱ्याच कुणाची तरी, २४०० वेगाची.

जुनी रॅम जोडणीला देणाऱ्यांनी आधी आपल्याच संगणकावर एसपीडी पानाचे चित्र काढून ठेवावे, पावतीवर वेग व सिरियल नंबर लिहून घ्यावेत, आणि शक्य तर रॅम देऊच नये. दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या लागेपर्यंत ती दाबून बसवणे घरीही जमते.

बिल आणि ती तारीख दाखवल्यावर दुकानदाराने जोडणीचे १,५०० रुपये परत देण्याची तयारी दाखवली, पण त्याबदल्यात 'कोणतीही तक्रार उरलेली नाही' असे त्याला लिहून हवे होते. मी ते दिले नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे, आणि तूर्त २४०० वरच भागवतो आहे.