कोविडनंतरचा थकवा: फॅमिली डॉक्टर की स्पेशालिस्टांची फेरी?

कोविड होऊन गेला, रिपोर्ट निगेटिव्ह आला, घरचेही विसरले. आणि तीन-चार महिन्यांनंतरही एक जिना चढला की धाप लागते, डोकं जड राहतं, बोलता बोलता साधा शब्द आठवत नाही. अशा माणसापुढे दोन वाटा असतात: नेहमीच्या डॉक्टरांकडे जायचं, की थेट छातीचे, हृदयाचे, मेंदूचे असे एकेक स्पेशालिस्ट गाठायचे? मी स्वतः बाजारपेठेतला दवाखाना चालवणारा फॅमिली डॉक्टर आहे, तेव्हा माझा तराजू जरा माझ्याच बाजूला झुकणार, हे आधीच सांगून टाकतो.

कुठेही गेलात तरी पहिला प्रश्न तोच: हे लाँग कोविडच आहे का? जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर 2021 मध्ये व्याख्या ठरवली. कोविड झाल्यापासून साधारण तीन महिन्यांनी असलेली, किमान दोन महिने टिकलेली आणि दुसऱ्या कुठल्याही आजाराने उलगडत नाहीत अशी लक्षणं. यातला शेवटचा तुकडा सगळ्यात कामाचा. ‘लाँग कोविड आहे’ असं छातीठोक सांगणारी रक्ततपासणी अजून कुठल्याही लॅबकडे नाही. बाकीचं एकेक वगळत तिथे पोचावं लागतं.

हे वगळण्याचं काम दवाखान्यात स्वस्तात होतं. हिमोग्लोबिन, थायरॉइड, तीन महिन्यांची साखर, बी-बारा, किडनीसाठी क्रिएटिनिन, इसीजी, छातीचा एक्स-रे. थकलेल्या बाईचं हिमोग्लोबिन आधी बघावं, कोविडचा विचार नंतर. कोविडमध्ये स्टेरॉइड घेतलेल्यांची साखर बघावीच. आणि दोन आठवड्यांच्या वर खोकला, संध्याकाळी कणकण, वजन उतरलेलं असेल तर थुंकी तपासायला सरकारी केंद्रात पाठवावं. तिथे ती फुकट होते. टीबीला लाँग कोविड समजून बसलो तर घरातल्या लहानग्यांनाही त्याची किंमत मोजावी लागते.

स्पेशालिस्टांचं बळ वेगळं. टूडी इको, फुप्फुसाची फुंकर-तपासणी, सीटी हे सगळं त्यांच्या हाताशी, आणि एका अवयवातलं बारीक त्यांना दिसतं तितकं मला दिसणार नाही. अडचण अशी, की हा आजार एका अवयवात बसत नाही. माझ्याकडे एक शिक्षिका आल्या, कापडी पिशवीत पाच फायली घेऊन. पाचही ठिकाणी शेरा एकच: नॉर्मल. गोळ्या टेबलावर मांडायला सांगितल्या, तर दोन डॉक्टरांनी दोन वेगळ्या नावांनी ॲसिडिटीची एकच गोळी, पॅन्टोप्राझोल, दिलेली. बाई म्हणाल्या, “डॉक्टर, सगळं नॉर्मल आहे तर मी फळ्यापाशी उभी का राहू शकत नाही?”

उत्तर त्यांच्या प्रश्नातच होतं. त्यांना आडवं झोपवून नाडी मोजली: 76. मग भिंतीला टेकून दहा मिनिटं उभं केलं, दर मिनिटाला ऑक्सिमीटरवर आकडा लिहीत गेलो. शेवटी 112. उभं राहिल्यावर नाडी तिसाच्या वर वाढून तशीच राहते आणि बीपी मात्र पडत नाही, तेव्हा तो पॉट्स नावाचा, उभं राहिल्यावर नाडी धावण्याचा विकार असू शकतो; कोविडनंतर तो दिसतो. पाणी वाढवायचं, बीपी-किडनीची तक्रार नसेल तर मीठही, पोटरीला घट्ट मोजे, अंथरुणातून उठताना आधी दोन मिनिटं बसायचं. एवढ्याने भागलं नाही तर नाडी आवरणारं औषध, प्रोप्रॅनोलॉल किंवा इव्हाब्रॅडिन, लागतं, आणि तेव्हा मी हृदयाच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी देतो. दहा मिनिटांचे दहा आकडे सोबत असले की तिथली भेट फुकट जात नाही.

खर्चाचं फार लिहीत नाही. स्पेशालिस्टांच्या एका फेरीत दवाखान्याच्या तीन-चार फेऱ्या होतात, आणि ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजात साठ-सत्तर आकडे येतात पण ही नाडी कोणी मोजत नाही.

आता दुसरी निवड, जिच्यावर घराघरांत वाद होतात: व्यायाम की विश्रांती? बाईंचे यजमान ठाम होते, “चालल्याशिवाय ताकद येणार कशी?” आयसीयूतून आलेल्या, अंगातलं मांस गेलेल्या माणसाबद्दल ते बरोबर आहेत. ब्रिटनमध्ये कोविडसाठी दाखल झालेल्या रुग्णांना आठ आठवडे ऑनलाइन देखरेखीखाली व्यायाम दिला, तेव्हा त्यांचं जगणं थोडं सुधारलं. पण काहींचं शरीर कष्टानंतर एक-दोन दिवसांनी कोसळतं. या लक्षणासाठी ओळखला जाणारा एक जुना, वर्षानुवर्षं थकवा देणारा आजार आहे, एमई (मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस). उपचारांचं मार्गदर्शन ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने ऑक्टोबर 2021 मध्ये त्याच्या मार्गदर्शनातून ठरावीक पायरीने वाढवायचा व्यायाम काढून टाकला.

आपण कुठल्या गटात, हे रोजनिशी सांगते. बाईंच्या वहीत होतं: रविवारी गोधड्या धुतल्या. सोमवारी बरी. मंगळवारी अंथरुणातून उठवेना, घसा दुखतो. असं दोन-तीनदा घडलं की ‘रोज हजार पावलं जास्त’ हा सल्ला बंद करायचा. दमायच्या आधी थांबायचं, भाजी बसून चिरायची, आंघोळ आणि बाजार एकाच दिवशी ठेवायचा नाही. यात स्पेशालिस्टांपेक्षा दवाखाना सरस, कारण ही वही महिन्याला कुणीतरी वाचायला हवी.

औषधांच्या बाबतीत दोन्ही वाटा जवळपास सारख्याच रिकाम्या. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात पॅक्सलोव्हिड हे कोविडच्या विषाणूवरचं औषध लाँग कोविडच्या रुग्णांना पंधरा दिवस देऊन पाहिलं, 2024 मध्ये निकाल आला: फरक नाही. त्यामुळे व्हिटॅमिनच्या सलाइनचं पॅकेज कोणी गळ्यात मारत असेल तर पैसे जपा. गेलेल्या वासासाठी मात्र गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी रोज दोनदा, प्रत्येकी वीस सेकंद, किमान तीन महिने हुंगायचं. खर्च नगण्य, करून बघायला हरकत नाही. केंद्र सरकारच्या सप्टेंबर 2020 च्या कोविडनंतरच्या काळजीच्या सूचनांत च्यवनप्राश, अश्वगंधा, गुळवेल होतं. पण च्यवनप्राशात साखर असते, आणि 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही, तरी काढा घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

दवाखान्याच्या बाकड्यावर बसूच नये, अशाही वेळा आहेत. छातीत कळ, चक्कर येऊन पडणं, थुंकीत रक्त, एकच पोटरी सुजून दुखणं, चार पावलांत ऑक्सिजन घसरणं: सरळ हॉस्पिटल. आणि तुमचे फॅमिली डॉक्टर फाइल न उघडता “मनाचं आहे हो, टॉनिक देतो” म्हणत असतील, तर माझी बिरादरी असली तरी सांगतो, डॉक्टर बदला.

बाई अजून पूर्ण बऱ्या नाहीत. हृदयाच्या डॉक्टरांनी गोळी सुरू केली, तिने नाडी आवरली. मी शाळेला सर्टिफिकेट दिलं: तळमजल्यावरचा वर्ग, शिकवताना बसायची मुभा. मुख्याध्यापकांनी वर्ग बदलून दिला. खुर्ची मात्र पोरांनीच आणून ठेवली, ऑफिसातली, हातांची.