‘बेबी आफ्रिकन’ घेताय? आधी हे वाचा

ठाण्यात स्टेशनपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर एक दुकान आहे. नाव लिहीत नाही, तसलं दुकान तुमच्याही गावात असणारच. दारात ट्रे मांडलेले, त्यांत आफ्रिकेतल्या शोभेच्या माशांची दीड-दोन इंची पिवळी-निळी पिल्लं, वर मार्करने लिहिलेलं: ‘मिक्स आफ्रिकन, कोणताही घ्या 120’. पुतण्याच्या वाढदिवसाला तिथून दोन फुटी टँक, फिल्टर, हीटर आणि त्या ट्रेमधले डझनभर मासे आणले. दुकानदार बोलायला गोड, माहितीही भरपूर. धडधडीत खोटं तो फार कमी बोलला. अर्धं खरं सांगायचा आणि उरलेलं अर्धं गिळायचा, ही त्याची पद्धत.

“एवढ्याशा टँकमध्ये डझनभर?” असं विचारलं, तर म्हणाला, “साहेब, आफ्रिकन गर्दीतच ठेवायचे असतात. गर्दी असली की मार एकाच माशाला बसत नाही.” हे बरोबर आहे. आफ्रिकेच्या मलावी सरोवरातले खडकांत राहणारे सिक्लिड कुळातले मासे, ज्यांना म्बुना म्हणतात, हद्दीवरून भांडतात आणि जाणते लोक त्यांना मुद्दाम दाटीने ठेवतात. पण कुठे? चार फुटी, दोनशे लिटरच्या पुढच्या टँकमध्ये, दमदार फिल्टर लावून, दगडांच्या भरपूर कपारी रचून. दोन बाय एक बाय एक फुटात पाणी मावतं जेमतेम 50 लिटर. तिथे मालक एकच होतो, बाकी सगळे घुसखोर.

मग त्याने एक बाटली हातात ठेवली. “ह्यात जिवंत बॅक्टेरिया आहेत, आजच मासे सोडा.” बॅक्टेरिया लागतात हेही खरंच. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो, त्याचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये रुजावे लागतात. त्याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. बाटलीने मदत होते, पण संध्याकाळी टँक भरून रात्री डझनभर मासे सोडण्याइतकी नाही. शिवाय आपल्याकडचं तलावांचं पाणी मृदू म्हणून त्याने कोरलची वाळूही गळ्यात मारली. मलावीच्या माशांना क्षारांचं जड, पीएच 8 च्या आसपासचं पाणी मानवतं आणि ही वाळू पाणी तसंच करते, तेव्हा वाळूचा सल्ला चुकीचा नव्हता. पण पीएच जितका जास्त, तितका अमोनिया जहाल. म्हणजे न मुरलेल्या, जिवाणू अजून न रुजलेल्या टँकमध्ये त्याने विष वाढवण्याची सोय वेगळे पैसे लावून विकली. अमोनिया तपासायचं किट मागितलं तर “घरगुती टँकला कशाला?” म्हणून विषय बदलला.

पहिले चार मासे आठवडाभरात गेले. प्रत्येक वेळी त्याच्याकडे नवीन औषध तयार. आधी निळं, मग मीठ, मग ‘स्ट्रेस’चं काहीतरी. औषधांचा खर्च माशांच्या वर गेला.

आता खरी मेख. म्बुनांच्या पिल्लांचा रंग फार काही सांगत नाही आणि सगळा धंदा त्यावरच चालतो. आम्हाला ‘इलेक्ट्रिक येलो’ म्हणून दिलेल्या पिल्लांच्या अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत काळे आडवे पट्टे होते. “बेबी आहेत, मोठे झाले की पट्टे विरतील.” खऱ्या येलोच्या, म्हणजे लॅबिडोक्रोमिस सेरुलियसच्या अंगावर असे पट्टे लहानपणीही नसतात. पाठीवरच्या परावर काळी कड असते, तीच त्याची खूण. आमचे निघाले ऑरेटस, म्बुनांचीच दुसरी जात. ह्यांच्या माद्या पिवळ्या-काळ्याच राहतात, नर काळपट होतो आणि म्बुनांमध्येही तो नामचीन गुंड. आमच्या टँकमध्ये एक तसा तयार झाला. बाकीचे पाण्याच्या अगदी वरच्या थरात, हीटर आणि काचेच्या फटीत, शेपट्या कुरतडलेल्या अवस्थेत चिकटून राहायचे. खायला टाकलं तरी खाली उतरायची हिंमत नाही. पुतण्या म्हणायचा, “काका, हे सगळे लाइनीत का उभे आहेत?”

निळ्या माशांची गंमत तर औरच. त्यांतला सगळ्यात मोठा अचानक पिवळा पडायला लागला. फोटो काढून दुकानात दाखवला. दुकानदाराने चेहरा गंभीर केला आणि म्हणाला, “कावीळ आहे.” पिवळ्या औषधाची बाटली दिली, तीही घेतली. माशाला काहीही झालं नव्हतं. तो केनी जातीचा नर होता. केनीची पिल्लं आणि माद्या निळ्या असतात, नर वयात आला की पिवळा होतो. वीसेक वर्षं मासे विकणाऱ्या माणसाला हे ठाऊक नसेल, हे मला कुणी पटवू नये.

सपशेल थाप मात्र एक मारली होती: “मासा टँकएवढाच वाढतो.” केनीचा नर चार-पाच इंचांचा होतो. छोट्या टँकमध्ये तो खुरटतो, आजारी पडतो, त्याला ‘मापात राहणं’ म्हणत नाहीत. खाण्याचंही तेच. म्बुना मुख्यतः दगडावरचं शेवाळ खरवडून खाणारे, आणि आम्हाला दिले सुके ट्युबिफेक्स, म्हणजे वाळवलेले किडे, “प्रोटीन” म्हणून. ते रोज चारले की पोट फुगून मरतात.

त्याच दुकानात दोन इंची ‘फुल कलर’ पीकॉक जातीचे मासेही आहेत, किंमत तिप्पट. पीकॉकची पिल्लं मुळात करड्या रंगाची असतात. एवढ्याशा वयात एकजात सगळी चमकत असतील तर हॉर्मोन चारलेले असण्याची शंका घ्या. घरी आल्यावर तो रंग उतरतो.

घ्यायचेच असतील तर पक्क्या बिलावर माशाची जात लिहून मागा, इंग्रजी किंवा शास्त्रीय नावासह. आमच्या बिलावर ‘ॲक्वेरियम साहित्य’ एवढंच होतं आणि पुढे सगळी पंचाईत तिथेच झाली. टँक दोन फुटीच असेल आणि आफ्रिकनच हवे असतील, तर टँगानिका सरोवरातले शंखांत राहणारे मल्टिफॅसिएटस शोधा. दोन इंचांच्या आत राहतात. आधी टँक मुरवा, वाळू आणि रिकामे शंख टाका, त्यांची वसाहत बघत बसावी अशी असते. ट्रेमध्ये मिळणार नाहीत, जाणत्या माणसाकडून घ्यावे लागतील.

ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल परत घ्यायला नकार देणंसुद्धा. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी बघून गप्प बसू नका, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे. मी तो लावणार म्हटल्यावर दुकानदार जरा नरमला. पैसे नाहीत, पण बदल्यात दोन गोल्डफिश देतो म्हणाला, त्याच टँकसाठी. आणि उरलेल्या आफ्रिकनांचं काय करू विचारलं तर, “तलावपाळीत सोडून द्या ना.” हे तर अजिबात करू नका. टिलापियाही आफ्रिकेतलाच सिक्लिड, 1952 साली भारतात आणला गेला, आणि आज उजनी धरणात चिलापी म्हणून जाळी भरभरून निघतो. परका मासा असा पसरतो. आमचे उरलेले मासे डोंबिवलीच्या एका शौकिनाने पाच फुटी टँकमध्ये घेतले. ऑरेटसचा नर सोडून. त्याला कुणीच घेत नाहीये, तो अजून आमच्याकडेच, एकटा.