रेगेक्स१०१: दरपत्रकातल्या ‘२५० ते ४००’साठी कितपत कामाचं?

सोलापुरी चादर-टॉवेलच्या दरपत्रकात ‘250-400’, ‘250 – 400’, ‘२५० ते ४००’ असं सगळं एकाच रकान्यात सापडतं. हा गुंता सोडवायला रेगेक्स१०१ हे रेगेक्स (मजकुरातला ठरावीक साचा शोधायची चिन्हभाषा) तपासून बघायचं मोफत संकेतस्थळ झकास. वर पॅटर्न, खाली नमुन्याच्या ओळी. कुठला गट (पॅटर्नमधला कंसातला भाग) काय पकडतो ते रंगात लगेच दिसतं.

सुरुवात इथून करा:

^([0-9०-९]+) *(?:-|–|ते) *([0-9०-९]+)$

टोकाची दोन चिन्हं (^ आणि $) गाळलीत तर ‘250-400-500’ मधले पहिले दोन आकडे गुपचूप पास होतात. ‘1,200’ मधला स्वल्पविराम आधीच काढून टाका.

खरी गोची फ्लेवरची, म्हणजे प्रत्येक प्रोग्रॅमिंग भाषेच्या रेगेक्सच्या वेगळ्या बोलीची. बॅकस्लॅश-डी (\d, म्हणजे ‘कुठलाही अंक’) पायथॉनमध्ये देवनागरी अंकही पकडतं, जावास्क्रिप्टमध्ये नाही. फ्लेवर चुकला की इथे सगळं जुळतं आणि कोडमध्ये हाती भोपळा! शिवाय जावास्क्रिप्ट ‘२५०’चं थेट नंबरमध्ये रूपांतर करत नाही, नॅन (NaN, म्हणजे ‘हा आकडा नाही’) देतं, पायथॉनचं इंट (int, आकड्यात बदलणारं फंक्शन) मात्र बिनबोभाट २५० देतं.

‘400-250’ असं उलटं लिहिलेलं पकडायला रेगेक्सला जुंपू नका. ती तुलना कोडमध्ये एका ओळीत होते.