ऑनग्रिड, हायब्रिड की ऑफग्रिड? कोल्हापुरातल्या घरासाठी सोलर इन्व्हर्टर निवडताना

कोल्हापूर शहरात, लाईट बऱ्यापैकी नियमित असलेल्या भागात तुमचं घर असेल, तर माझं मत आधीच सांगून टाकतो: साधा ऑनग्रिड इन्व्हर्टर (बॅटरी नसलेला, पॅनलची वीज थेट महावितरणच्या जाळ्याला, म्हणजे ग्रिडला जोडणारा) घ्या आणि घरात आहे तो जुना बॅटरीवरचा इन्व्हर्टर तसाच राहू द्या. बॅटरीही जोडलेल्या हायब्रिडच्या वाटेला जायचं ते तसं कारण असेल तरच. अशी कारणं आपल्या जिल्ह्यात थोडी नाहीत, म्हणून हा खटाटोप.

ऑनग्रिड

लाईट गेली की ऑनग्रिड इन्व्हर्टर बंद पडतो. भर दुपारी, ऊन रणरणत असतानासुद्धा. पैसे भरून झाल्यावर हे कळलं की लोक चिडतात, पण हा बिघाड नव्हे. खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या छतावरून शॉक बसू नये म्हणून हे बंद होणं सक्तीचं आहे. आयएस १६१६९ या मानकात त्याचीच चाचणी असते.

बाकी बाबतीत याला तोड नाही. किंमत कमी, अंगावर बॅटरीचा खर्च नाही, आणि पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान मिळतं: पहिल्या २ किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० रुपये, म्हणजे ३ किलोवॉटला ७८,०००. त्यापुढे कितीही पॅनल लावा, आकडा तोच. योजना ग्रिडला जोडलेल्या यंत्रणेसाठी आहे आणि बॅटरीसाठी त्यात वेगळी रक्कम नाही, हे लक्षात ठेवा. हायब्रिड विकताना ‘सबसिडीत बसवून देतो’ असं कोणी म्हणालं तर त्याचा अर्थ एवढाच, की पॅनलचं अनुदान मिळेल, बॅटरी तुमच्या खिशातून.

नेट मीटरिंगची (जास्तीची वीज महावितरणला देऊन तेवढी नंतर बिलातून वजा करून घेण्याची) एक गंमत आपल्या हवामानाशी फार छान जुळते. ३ किलोवॉटचे पॅनल वर्षाच्या सरासरीने दिवसाला १२ युनिटच्या आसपास देतात. पण जुलै-ऑगस्टमध्ये झड लागली की काही दिवस त्याच्या निम्मेसुद्धा मिळत नाहीत. जमा युनिटचा हिशोब मिटतो ३१ मार्चला. म्हणजे एप्रिल-मेच्या उन्हात जास्तीचे झालेले युनिट महावितरणकडे जमा राहतात आणि पावसाळ्यात तेच वापरायला येतात. तीन महिन्यांची वीज साठवणारी बॅटरी घरगुती बाजारात कुणी विकत नाही. म्हणूनच नेट मीटर असलेल्या घरात बिल वाचवायला बॅटरी घेण्याचं गणित जमत नाही; लीड-ॲसिडमध्ये भरताना-काढताना वीस-पंचवीस टक्के वीज वायाच जाते. बॅटरी घ्यायची ती लाईट गेल्यावर अडू नये म्हणून.

इथे एक धोक्याची सूचना. ‘लाईट गेल्यावर ऑनग्रिडला घरच्या इन्व्हर्टरच्या आउटपुटवर जोडून देतो, मग दिवसा सोलर चालू राहील’ अशी शक्कल काही वायरमन सुचवतात. अजिबात करू देऊ नका. घरात वापर कमी झाला की सोलरची जास्तीची वीज त्या साध्या इन्व्हर्टरच्या आउटपुटमधून उलटी आत शिरते, आणि तो ती घ्यायला बनवलेलाच नसतो. बोर्ड जळतो, नशीब खराब असेल तर बॅटरीही. हे काम विजेची वारंवारता (फ्रिक्वेन्सी) वर-खाली करून सोलरला आवर घालणाऱ्या खास बॅटरी-इन्व्हर्टरचं आहे.

हायब्रिड

मग हायब्रिड कुणी घ्यावा? २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ज्यांच्या भागात दिवसच्या दिवस वीज नव्हती त्यांनी. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, भुदरगडकडच्या गावांत राहणाऱ्यांनी, जिथे जोराच्या पावसात तारेवर झाड पडलं की दुरुस्तीला माणूस पोचायलाच वेळ लागतो. घरात ऑक्सिजनचं मशीन लागणारं कुणी असेल त्यांनी. आणि घरातून कॉम्प्युटरवर काम करणाऱ्यांनी, पण त्यातही ज्यांना दिवसभर काम थांबवून चालत नाही अशांनीच. तासभराच्या खोळंब्याला जुना इन्व्हर्टर पुरतो.

हायब्रिडमध्ये पॅनल, बॅटरी आणि महावितरण एकाच यंत्रात जोडलेले असतात. लाईट गेली की १०-२० मिलिसेकंदांत तो बॅकअपवर जातो, कॉम्प्युटर बंद पडत नाही, आणि दिवसा पॅनल चालूच राहतात. मात्र त्याच ताकदीच्या ऑनग्रिडच्या दुपटीहून जास्त पैसे जातात आणि बॅटरी वेगळी.

खरी मेख बॅकअपच्या बाजूला आहे. अख्खं घर बॅकअपवर टाकायचा मोह होतो. गीझर, इस्त्री, इंडक्शन शेगडी, एसी यांना मेन बोर्डवरच ठेवा. बॅकअपसाठी छोटा वेगळा डीबी (वितरण बोर्ड) करून त्यावर दिवे, पंखे, फ्रिज, राउटर, टीव्ही एवढंच द्या. रात्रीचं गणित करून बघा: साधे ७० वॅटचे चार पंखे आठ तास म्हणजे सव्वादोन युनिट, वर फ्रिज आणि दिवे. तेच पंखे ३० वॅटचे बीएलडीसी केले की एक युनिटच्या आत. मोठी बॅटरी घेण्याआधी पंखे बदला, हा सल्ला मी सगळ्यांना देतो आणि फारसं कुणी ऐकत नाही.

पाण्याची मोटर हा वेगळाच विषय. १ एचपीची मोटर चालताना किलोवॉटभर घेते, पण सुरू होताना क्षणभर पाच-सहा पट करंट ओढते. आतून ट्रान्सफॉर्मर असलेले जड इन्व्हर्टर हा झटका सहन करतात. भिंतीवर टांगायचे हलके, बिनट्रान्सफॉर्मरचे हायब्रिड बऱ्याचदा तिथेच ट्रिप होतात. मोटर बॅकअपवर हवीच असेल तर ‘पीक’ या नावाखाली किती वॅट आणि किती सेकंद लिहिलंय ते बघा, आणि बसवल्यावर मेन स्विच पाडून, फ्रिज चालू ठेवून, मोटर सुरू करून दाखवायला सांगा. ते बघितल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.

ऑफग्रिड

दुकानात ज्याला सोलर पीसीयू म्हणतात तो हा. पॅनलवर बॅटरी भरतो, कमी पडलं तर मेनवरून घेतो, पण ग्रिडला वीज परत देत नाही. वीजजोड नसलेल्या शेतातल्या घराला हाच योग्य. शहरात मात्र बॅटरी भरल्यावर दुपारची निम्मी वीज फुकट जाते आणि सूर्यघरचं अनुदानही नाही. शिवाय काही मॉडेल नुसतं चालू राहायला ५०-६० वॅट खातात. दिवसाचे सव्वा ते दीड युनिट तिथेच गेले. घेतलाच तर पीडब्ल्यूएम (साध्या पद्धतीचा चार्जर) नको, एमपीपीटीचाच (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा) घ्या.

पाटीवरचे आकडे

‘५ केव्हीए’ म्हणजे ५ किलोवॉट नव्हे. उदाहरणार्थ व्हिक्ट्रॉन कंपनीचा मल्टीप्लस-टू ४८/५००० हा इन्व्हर्टर घ्या. नावात ५०००, ते व्होल्ट-अँपिअर. प्रत्यक्षात २५ अंशांना ४००० वॅट आणि ४० अंशांना ३७००. पीक मात्र ९००० वॅट, कारण आत ट्रान्सफॉर्मर आहे. त्याला सोलर चार्जर वेगळा घ्यावा लागतो, हेही किमतीत धरा. कंपनीने हे आकडे उघडपणे छापलेत. ज्या ब्रँडच्या माहितीपत्रकात तापमानाचा उल्लेखच नाही, तिथे वीस टक्के मनातल्या मनात वजा करायला हरकत नाही.

दुसरा आकडा बॅटरीचा. ५१.२ व्होल्ट, १०० एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी म्हणजे ५ युनिटचा साठा. पण तिचा बीएमएस (बॅटरीतलं नियंत्रण सर्किट) ५० अँपिअरच देत असेल तर एका वेळी अडीच किलोवॉटच मिळणार, इन्व्हर्टर ५ चा असला तरी. कोटेशनमध्ये हे दोन आकडे शेजारी-शेजारी लिहून घ्या. १५० एएचच्या १२ व्होल्ट ट्युब्युलर लीड-ॲसिड बॅटरीमध्ये १.८ युनिट दिसतात, पण ती टिकायला हवी असेल तर निम्मेच वापरा, आणि डिस्टिल्ड वॉटरकडे लक्ष ठेवा.

लिथियम घेणार असाल तर इन्व्हर्टर आणि बॅटरी यांच्यात कॅन किंवा आरएस-४८५ ची (दोघांत माहितीची देवाणघेवाण करणारी) केबल लागते का, आणि नेमकं ते मॉडेल कंपनीच्या यादीत आहे का, हे आधी बघा. ‘लीड-ॲसिडच्या सेटिंगवर चालून जाईल’ हे उत्तर चालवून घेऊ नका. त्या सेटिंगमध्ये मधूनमधून चढणारा जास्तीचा व्होल्टेज लिथियमला सोसत नाही. बीएमएस मध्येच बॅटरी तोडतो आणि नेमकं गरजेच्या वेळी घर अंधारात.

पाऊस, वळीव आणि जागा

हायब्रिडमध्ये बॅटरी किती टक्क्यांखाली उतरू द्यायची हे ठरवता येतं. उन्हाळ्यात ३० टक्के ठेवा, जूनपासून ७०-८० करा. रोज रात्री बॅटरी रिकामी करून पैसे वाचत नाहीत आणि पुराच्या दिवशी तीच भरलेली लागते.

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ज्यांना रोज बघावी लागते, त्यांनी इन्व्हर्टर आणि बॅटरी पार्किंगमध्ये किंवा तळमजल्यावर लावूच नये. पहिल्या मजल्यावर, जिन्यापाशी, हवेशीर जागी लावावी. पाणी चढायला लागलं तर आधी एसी स्विच, मग डीसी आयसोलेटर (पॅनलकडून येणारी वीज तोडणारा स्विच) बंद करा. ग्रिड बंद असली तरी उजेडात पॅनलच्या वायरमध्ये करंट असतोच. सहा पॅनलच्या साखळीत ३०० व्होल्टच्या आसपास. वळवाच्या विजांसाठी डीसी आणि एसी दोन्ही बाजूंना एसपीडी (विजेचा झटका जमिनीत उतरवणारं उपकरण), आणि अर्थिंगचे तीन वेगळे खड्डे: डीसी, एसी आणि तडितरोधकाचा. खर्च वाचवायला तिन्ही एकाच खड्ड्यात घालणारे भेटतील, त्यांना तिथूनच परत पाठवा.

राहिला दुरुस्तीचा प्रश्न. ट्रान्सफॉर्मरवाला इन्व्हर्टर बिघडला तर कोल्हापुरात त्याला हात घालणारे कारागीर सापडतात. हायब्रिडचा बोर्ड मात्र बहुतेक वेळा बदलावाच लागतो, आणि तो बाहेरून येईपर्यंत पॅनल, बॅटरी, बॅकअप सगळंच थांबतं. म्हणून विक्रेत्याला दोन प्रश्न लेखी विचारा: वॉरंटीत यंत्र कुठे पाठवावं लागतं, आणि तोवर बदली यंत्र देणार का. शिवाय हायब्रिडच्या शेजारी बायपास चेंजओव्हर बसवून घ्या, म्हणजे यंत्र काढून नेलं तरी बॅकअपचा डीबी थेट मेनवर टाकता येईल.