चौदाशे तासांनंतर: ऑटोफ्रेटेज केलेले नोझल पाइप

गेल्या हंगामात ट्रॉलरचे दोन नोझल पाइप (पंपातून सिलिंडरच्या नोझलकडे प्रचंड दाबाने डिझेल नेणाऱ्या नळ्या) फुटले. पहिला तिसऱ्या सिलिंडरचा, तोही भर समुद्रात. इंजिन मिसिंग करायला लागलं म्हणून खाली उतरलो, तर सगळीकडे डिझेलचं धुकं. (अशा वेळी गळती हाताने चाचपू नका. ती बारीक धार कातडी भेदून आत शिरते आणि बोटावर बेतते. इंजिन बंद करा, मगच हात घाला.) बंदरात येऊन पाइपला गॅसवर पितळ भरून घेतलं. अठरा दिवस टिकलं.

ऑगस्टमध्ये बोट पाण्यात लोटण्याआधी सहाही पाइप नवे टाकले, ऑटोफ्रेटेज केलेले. भाव साध्याच्या जवळपास दुप्पट. ही युक्ती मुळात तोफांच्या नळ्यांसाठी निघाली. पाइप बनवतानाच आतून नेहमीच्या कामापेक्षा कितीतरी जास्त दाब देतात. आतला थर कायमचा ताणला जातो, बाहेरचा मात्र मूळ मापाला परत येऊ पाहतो आणि आतल्याला आवळून धरतो. म्हणजे डिझेलच्या दाबाला आधी ही आवळण उलगडावी लागते, मगच भोकाच्या कडेला ताण बसतो. भेग सहसा तिथल्याच एखाद्या ओरखड्यातून सुरू होते. पितळ भरताना पाइप लाल होतो आणि ही आवळण तिथल्या तिथे सैल पडते. त्यामुळे असल्या पाइपला गॅस दाखवणं म्हणजे दुप्पट पैसे पाण्यात.

एवढी मजबुती लागते कशाला? माझं इंजिन पंधराशे आरपीएमवर चालतं. फोर-स्ट्रोक, म्हणजे दर दोन फेऱ्यांना एकदा डिझेलच्या दाबाचा ठोका; प्रत्येक पाइपला मिनिटाला ७५० ठोके, तासाला ४५,०००. आजवर चौदाशे तास झाले, म्हणजे सव्वासहा कोटींच्या वर. एकही पाइप फुटलेला नाही, नटाच्या तोंडाशी ओलही नाही.

पण सगळं श्रेय पाइपला देणार नाही. गेल्या हंगामात फुटलेल्यांपैकी दुसरा पाइप क्लॅम्पजवळ (पाइप धरून ठेवणाऱ्या पकडीजवळ) तुटला होता, आणि भेग बाहेरून आत गेलेली दिसत होती. क्लॅम्पचं रबर झिजलं होतं, पाइप थरथरून तुटला. त्यावर ऑटोफ्रेटेजचा इलाज नाही. उलट आतला थर आवळला की बाहेरचा थोडा ताणातच राहतो, आणि खाऱ्या हवेत तिथेच गंजाचे खड्डे पडतात. विकणारा हे सांगत नाही. म्हणून सगळे क्लॅम्प रबरासकट बदलले. दर फेरीनंतर पाइप गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसतो, कोरडे करून तेलाचा हात फिरवतो.

एक तक्रार आहे. चौथ्या सिलिंडरच्या पाइपचा बाक जरासा चुकीचा आला होता. मिस्त्री म्हणाला, "शेट, गुडघ्यावर धरून वाकवतो." मी नको म्हटलं आणि बदलून मागवला. त्यात नऊ दिवस बोट उभी राहिली. बाक जुळत नसताना नट ओढून बसवलेला पाइप पहिल्या दिवसापासूनच ताणात असतो.

जादा पाइप एकच घेतलाय, सर्वांत लांब असलेल्या सहाव्याचा. तेल लावून, दोन्ही तोंडांना टोप्या घालून केबिनमध्ये ठेवलाय.